वऱ्हाडातल्या पेपरात वऱ्हाड सापडेना

मी मूळची अमरावतीची, आणि अमरावतीत कुठली विचाराल तर रेल्वे स्टेशनच्या मागच्या वस्तीतली. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, एका छापखान्यात कंपोझिटर होते, आता कंपोझिटर म्हणजे काय ते तुम्हाला सांगावं लागेल ताई, शिशाची सुटी अक्षरं असायची, त्यांना खिळे म्हणायचे, एकेक खिळा उचलून लोखंडी पट्टीत उलटा बसवायचा, तेव्हा कुठं कागदावर सुलटं उमटायचं. मी पहिलीतही नव्हती तेव्हा दादांचा डबा घेऊन जायची आणि तिथंच मांडी घालून बसायची, त्यामुळं झालं काय, मला सुलटं वाचता यायच्या आधी उलटं वाचता यायला लागलं, आणि शाळेत गेली तर बाई म्हणून राहिल्या, ही पोरगी पुस्तक उलटं धरून काय वाचते बाप्पा. दादांचे हात कायम काळे, साबणानं निघायचं नाही ते शिसं, आणि भीमजयंतीच्या पत्रिका आल्या की घरी हसतमुख यायचे, त्या ते सुटीच्या दिवशी जाऊन जुळवायचे. मला म्हणायचे, कुंदे, बाकीचं एकदा वाचलं तरी चालते, पण कोणाचं नाव आलं की दोनदा वाचत जा.

बी.ए. झाली आणि एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागली, पेपरचं नाव लिहू नका, बंद पडलेल्या माणसाचं नाव कशाला काढायचं, मी पेपरला माणूसच म्हणते, सवय आहे. तिथं मी एकटी बाई. मग उपसंपादक झाली, मग जिल्हा पुरवणी माझ्याकडं आली, म्हणजे गावोगावचे वार्ताहर आणि लिहिणारे मास्तर लोक जे काही एसटीनं, पोस्टानं पाठवतील ते सगळं माझ्या टेबलावर पडायचं, आणि शेवटची काही वर्षं तर पूर्ण पेपरच माझ्याकडं होता. लोक भांडायला यायचे, केबिनमध्ये डोकावायचे आणि मलाच विचारायचे, बाई, संपादक साहेब कुठं गेले? मी म्हणायची, बसा, साहेब चहा सांगून राहिले तुमच्यासाठी, आणि खरंच चहा सांगायची, मग तो माणूस अर्धा थंड व्हायचा. माझा स्वभाव तापट आहे, हो, नाही कशाला म्हणू, पण चूक आपली असली तर मी दुसऱ्या दिवशी चौकट टाकून दुरुस्ती छापायची, मालकांना ते आवडायचं नाही, मालक म्हणायचे, बाई तुम्ही रोज आपलीच अब्रू काढता. मी म्हटलं साहेब, अब्रू चुकीनं जाते, दुरुस्तीनं नाही जात.

आणि कॉम्प्युटरचं विचारलं ना तुम्ही. तर ते आले तेव्हा तीन आले, काचेच्या खोलीत ठेवले, आत एसी, बाहेर पाटी, चपला काढून आत या. देवळासारखं! आम्ही बाहेर घामाघूम आणि ते आत थंडगार. तीन ऑपरेटर पोरं ठेवली, ती कोणाला हात लावू देत नव्हती, मॅडम व्हायरस येईल म्हणायची. मला रागच आला. मी म्हटलं माझ्या बापानं शिशाची अक्षरं लावली, आणि मी या टीव्हीला घाबरू काय? दुपारी ती पोरं जेवायला गेली की मी चपला काढायची आणि आत शिरायची. सोबत इंग्रजीचं जाडं पुस्तक आलं होतं, ते कोणी उघडलंसुद्धा नव्हतं, मी डिक्शनरी घेऊन एकेक पान वाचलं, कोणत्या बटणावर कोणतं मराठी अक्षर आहे ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढलं. एकदा काहीतरी दाबलं आणि संपादकीय पानच गेलं, पुसलं गेलं सगळं, पेपर उशिरा निघाला, मालकांनी अख्ख्या ऑफिससमोर झापलं, मी म्हटलं झापा, पण आता मला माहीत आहे ते बटण कोणतं. सहा महिन्यांनी ती ऑपरेटर पोरंच मला विचारायला लागली, मॅडम हे अडकलं, पाहा ना जरा.

मग काय, जे सगळ्यांचं होते ते आमच्या पेपरचं झालं, बंद पडला. गठ्ठे बांधून ठेवलेल्या जुन्या फाइली गोदामात होत्या, छत गळत होतं, त्यांचा लगदा झाला, हात लावला की पान हातात यायचं. राहिलं काय, तर कॉम्प्युटरमधल्या हार्डडिस्क आणि सीडीचे डबे. मालक म्हणाले भंगारात जाणार आहे बाई, तुम्हाला पाहिजे तर घेऊन जा. मी रिक्षा करून घेऊन आली. आमचे हे तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती, निखिल, माझा मुलगा, इकडे नोकरीला लागला होता, तो म्हणाला आई तू एकटी तिकडे काय करतेस, ये. म्हणून मी अमेरिकेत, या मॉरिसव्हिलला आली. बॅगेत लोणचं कमी आणि सीडी जास्त, प्रत्येक सीडी सुती साडीत गुंडाळलेली, सून हसून राहिली, म्हणे आई, साड्या आणल्या की पेपर आणला?

इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी फाइल उघडली, आणि काय सांगू तुम्हाला, समोर सगळं आगडबिगड, इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं, मराठीचं एक अक्षर नाही. मग समजलं की जुन्या काळी आपली अक्षरं खरी मराठी नव्हतीच, आतून इंग्रजी अक्षर आणि वरून मराठीचा मुखवटा, आणि तो मुखवटा म्हणजे तो फॉन्ट आता कुठल्याच मशीनवर चालत नाही. निखिल म्हणाला, आई, कन्व्हर्टर असतात, मी डाउनलोड करून देतो, त्यानं दिला, त्यात अर्धं बरोबर आणि अर्धं चूक, वेलांट्या इकडच्या तिकडे, किसन होता तो कसिन झाला. निखिल म्हणाला, लेट इट गो यार आई, कोण वाचणार आहे. मला काय बोलला तो! मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. मग मीच ठरवलं की मी करीन. इथल्या लायब्ररीत जाऊन पुस्तक आणलं, पायथन म्हणून भाषा आहे, पायथन म्हणजे अजगर, मी म्हटलं ठीक आहे, म्हातारपणी अजगर पाळायचा. व्हिडिओ पाहून, वहीत लिहून, चुकत चुकत एक वर्ष गेलं. आणि एका सकाळी पहिली ओळ सुलटी आली, टाकीत पाणी, नळात हवा, नगरपालिकेची बातमी होती ती, माझंच हेडिंग! मी एकटीच किचनमध्ये टाळ्या वाजवल्या आणि मग रडली. अशा नळाच्या बातमीवर कोणी रडते काय, पण मी रडली.

मग मला जोर आला. रोज चार-पाच तास बसायची, एकेक नियम लिहायची, वेलांटीचा, रफाराचा, जोडाक्षरांचा. एक नियम मी आडव्या रेघेचाही लिहिला, कारण पेपरचे रकाने अरुंद, शब्द ओळीच्या शेवटी तुटायचा, तिथं रेघ यायची, मग सर्च केलं तर तो शब्द सापडायचा नाही. म्हणून मी मशीनला सांगितलं, शब्दाच्या मधात अशी रेघ दिसली की काढून टाक आणि शब्द जोडून दे. झालं साफसूफ. मला वाटलं आपण फार हुशार. मॉरिसव्हिल आणि शेजारचं कॅरी, इथल्या सगळ्या मराठी लोकांमध्ये बातमी गेली की काकूंनी अख्खा पेपर वाचवला, इथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर निखिलनंच टाकलं, ज्याला कोण वाचणार वाटत होतं ना, त्यानंच. आणि लोकांचे फोन यायला लागले, काकू माझ्या काकांचा फोटो आला होता, काकू आमच्या शाळेचा निकाल. मी शोधून द्यायची, आणि मिरवायची, मिरवायची म्हणजे काय, माणूस सत्तरीत मिरवणार नाही तर कधी मिरवणार?

तर त्यातच वैशालीचा फोन आला. चँडलरहून, तिकडे ॲरिझोनात, ती चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, मोर्शीकडच्या एका खेड्यातली पोरगी, शिकून तिथवर गेली. तिची आई गेली तसं तिनं वडिलांना आपल्याकडं आणलं, कोऱ्हाळे गुरुजी, प्राथमिक शाळेचे मास्तर, वय ब्याऐंशी. म्हणाली, काकू, बाबा म्हणतात ते तुमच्या पेपरात दर बुधवारी लिहायचे, गावातल्या एकेका माणसावर, आणि म्हणतात त्यात एक लेख त्यांनी माझ्या आईवर लिहिला होता. मी कधी पाहिला नाही तो लेख, मी होस्टेलला होती, घरात कात्रण नाही, आणि माझ्याजवळ आईचं काही नाही हो काकू, एक फोटो आहे लग्नाचा, त्यातही तिनं डोळे मिटलेत. तो लेख शोधून द्याल का? मी म्हटलं अगं द्याल का काय विचारते, दोन दिवसांत देते. असं म्हटलं मी. दोन दिवसांत.

मी बसली आणि सर्चमध्ये टाकलं, कोऱ्हाळे. शून्य. कोऱ्हाळे गुरुजी, शून्य. नुसतं गुरुजी टाकलं तर ढिगानं गुरुजी आले, हे गुरुजी सेवानिवृत्त, ते गुरुजी निवडणुकीत उभे, सगळे कोण पाहणार, मी वरवर पाहिले आणि सोडून दिले. आता इथं माझी चूक ऐका ताई, कारण ही चूक मशीनची नाही, माझी आहे. मला अंधुक आठवत होतं की कोणीतरी एक मास्तर उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून पाठवायचे, पुढच्या बाजूला पोरांची गणितं आणि मागं लेख, गोल गोल अक्षर. पण मशीन शून्य म्हणून राहिलं होतं ना, आणि मशीन मी स्वतः शिकवलेलं, मग मी मशीनचं ऐकलं आणि माझ्या डोक्याचं नाही ऐकलं. मी वैशालीला मेसेज केला, सगळा पेपर पाहिला, तुझ्या वडिलांचं नाव एकदाही नाही, बहुतेक दुसऱ्या कुठल्या पेपरात असेल किंवा त्यांची काही गफलत होत असेल, वयानं होते असं. गफलत! हा शब्द मी लिहिला. मी, जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतले असे शब्द काढले.

महिनाभरानं मी सहज फोन केला, कसे आहेत म्हटलं बाबा. तर तिचा आवाज उतरलेला. म्हणाली, काकू, तुमचा मेसेज आल्यावर मला कळलं की बाबांना भास होतात, आम्ही आता मेमरीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे. आधी ते सकाळी एकटे पार्कपर्यंत चालायला जायचे, ते मी बंद केलं, रस्ता विसरले तर? गोळ्या घेतल्या म्हणाले तरी मी डबी उघडून मोजते. मी विचारलं ते काय म्हणतात? तर म्हणाली, काही नाही म्हणत काकू, बोलतच नाहीत आता. परवा मीच आईचा विषय काढला, तर म्हणाले, लिहिलं असेल असं मला वाटलं, नसेलही लिहिलं, तुझ्या आईबद्दल मला काय काय वाटते त्यातलं खरं किती आता मला सांगता नाही येत.

ताई, हे ऐकलं आणि मी फोन ठेवून तशीच बसली. मी नाही म्हटलं म्हणून एक माणूस स्वतःच्या बायकोच्या आठवणीवर अविश्वास करायला लागला. चुकीची बातमी काय करते ते मला माहीत नव्हतं काय? चाळीस वर्षं मी तेच तर सांभाळलं. पण अजूनही मला हे माहीत नव्हतं की ती चुकीची आहे, बरं का, नुसतं मन खात होतं. सून म्हणाली आई तुम्ही जेवल्या नाहीत, मी म्हटलं भूक नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, निखिल घरी, मी टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवून पोह्यांना फोडणी देत होती. तो चहाचा कप घेऊन बसला आणि स्क्रीनवरची बातमी मोठ्यानं वाचायला लागला, त्याची सवय आहे ती. वाचता वाचता हसला. म्हणाला, आई, दुसया दिवशी काय? दुसया दिवशी, तिसया दिवशी, शेतकयांचा मोर्चा, तुमचा पेपर तोतरा होता का यार? मी म्हटलं कुठं, दाखव. पाहिलं. दुसया. शेतकयांचा. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. निखिल म्हणाला आई फोडणी जळून राहिली, मी म्हटलं जळू दे. सर्चमध्ये टाकलं, दुसऱ्या. शून्य. सांगा ताई, मराठी पेपरमध्ये दुसऱ्या दिवशी असं एकदाही छापून आलं नसेल, हे होते काय? शेतकऱ्यांचा टाकलं, शून्य. विदर्भातला पेपर आणि शेतकऱ्यांचा शब्द नाही! मग मी टाकलं वऱ्हाड. शून्य! वऱ्हाडातला पेपर, रोज पहिल्या पानावर वऱ्हाड, आणि वऱ्हाडच गायब! निखिल पाहतच राहिला. मी हसायला लागली, आणि हसता हसता मला चूक कुठं झाली ते समजलं.

तुम्हाला सांगते काय झालं ते. आपला जो अर्धा र असतो ना, दुसऱ्यातला, वऱ्हाडातला, चंद्रकोरीसारखा, तो आमच्या ऑफिसच्या फॉन्टमध्ये नव्हताच. फॉन्ट बनवणाऱ्याला वाटलं असेल याची काय गरज. तर आम्ही सगळे त्याच्या जागी आडवी रेघ मारायचो, दुस, मग रेघ, मग या. वाचणारा बरोबर वाचायचा, सगळ्या महाराष्ट्रात तेव्हा असंच चालायचं, ती रेघ आहे असं कोणाला दिसतही नव्हतं, र-च दिसायचा. आणि मला तर ती मुळीच दिसली नाही, कारण ही युक्ती ऑपरेटर पोरांना मीच शिकवली होती! आणि त्याच मी, इतक्या वर्षांनी, इथं बसून, मशीनला सांगितलं, शब्दाच्या मधात रेघ दिसली की काढून टाक. त्यानं काढली. इमानदारीनं काढली. को, रेघ, हाळे असं नाव होतं गुरुजींचं, त्यातली रेघ गेली आणि उरले कोहाळे. असे कोणी गुरुजीच नाहीत तर सापडतील कुठून.

मी पोहे तसेच टाकून बसली. आधी घाईत उलटा नियम केला, य आणि ह च्या आधी रेघ आली की ती अर्धा र समज, तर मतदार-यादी होती तिथं मतदारऱ्यादी झालं, निखिल हसून हसून लोळला. मग म्हटलं घाई नाही कुंदा, नाव आहे कोणाचं, दोनदा वाच. सगळे शब्द वहीत लिहून काढले, कोणता खरा रेघेचा आणि कोणता र चा. रविवारी दुपारी पुन्हा सर्च केलं, कोऱ्हाळे. आणि ताई, पान भरून आलं. कोऱ्हाळे गुरुजी, कोऱ्हाळे गुरुजी, कोऱ्हाळे गुरुजी, दर बुधवार. गावच्या न्हाव्यावर, पोस्टमनवर, विहीर खोदणाऱ्या भावांवर. आणि त्यात तो लेख.

मी तो वाचला, सगळा सांगत नाही, थोडं सांगते. लिहिलं होतं, लग्न झालं तेव्हा हिला अक्षर येत नव्हतं, मी दिवसभर दुसऱ्यांची पोरं शिकवायचो आणि माझी बायको अंगठा लावायची, याची लाज तिला नाही, मला वाटायची. मग रोज तवा तापेपर्यंत परातीतल्या पिठात एक अक्षर काढायचं असं ठरलं, आणि पीठ मळलं की अक्षर पोटात. एक दिवस ती रॉकेल आणायला रेशनच्या दुकानात गेली आणि रिकामा डबा घेऊन परत आली, म्हणाली दुकान आज बंद आहे. मी म्हटलं कोणी सांगितलं, तिथं तर कोणी नसेल. तर म्हणाली, पाटीनं सांगितलं. बस, एवढंच. आणि खाली, त्या दिवशी आमच्या घरी दिवा लागला नाही पण मी असा आनंद पुन्हा पाहिला नाही, असं काहीतरी.

वैशालीला फोन लावला. ती गाडीत होती, ग्रोसरीच्या दुकानाबाहेर. मी म्हटलं गाडी थांबलेली आहे ना? आहे म्हणाली. मी म्हटलं पोरी, चूक माझी आहे, तुझ्या बाबांचं सगळं खरं आहे, आणि वाचून दाखवलं. पाटीनं सांगितलं इथपर्यंत आली आणि समजलं, ती तिकडे रडून राहिली होती. मी पण रडली, मी काही फार कठोर बाई नाही. मग म्हटलं, आता रडणं पुरे, मी लेख पाठवते, पण त्याच्या आधी दुरुस्ती पाठवते, ती बाबांना आधी मोठ्यानं वाचून दाखवायची, मग लेख. आणि मी रीतसर दुरुस्ती लिहिली, पेपरात लिहायची तशीच, चौकट करून. चूकदुरुस्ती. श्री. कोऱ्हाळे गुरुजी यांचे लेखन आमच्या पेपरात आढळत नाही, अशी माहिती आम्ही दिली होती, ती साफ चुकीची होती. गुरुजी दर बुधवारी लिहीत असत. गफलत गुरुजींची नसून संपादकांची आहे. झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. खाली माझं नाव, संपादक. पेपर नाही तरी संपादक लिहिलं, म्हटलं एवढा एक दिवस.

वैशालीनं मग सांगितलं की त्यांनी ती दुरुस्ती दोनदा वाचायला लावली, आणि लेख स्वतः हातात घेतला, आणि वाचून झाल्यावर म्हणाले, उद्यापासून मी चालायला जाईन. ऊन तापायच्या आधी जातात आता. डॉक्टरची अपॉइंटमेंट तिनं कॅन्सल नाही केली, मीच म्हटलं दाखवून घे, डॉक्टर म्हणाले वयाच्या मानानं ठीक आहे सगळं. गोळ्यांची डबी परत त्यांच्याच टेबलावर ठेवली. आणि मी त्या दिवशी दोन वाट्या वरणभात जेवली, सून म्हणाली आई, आज कशी भूक लागली? मी म्हटलं लागली.

आणि तीन-चार दिवसांनी स्वतः गुरुजींचाच फोन. जय भीम बाई म्हणाले, खणखणीत आवाज, वर्गात असतो तसा. मी म्हटलं जय भीम गुरुजी, माफ करा मला. ते म्हणाले ते झालं, दुरुस्ती मिळाली, पोचपावती देतो, पण बाई, माझ्या लेखात एक चूक आहे. मी म्हटलं आता काय राहिलं? म्हणाले, आमची मंडळी पाटीनं सांगितलं असं नव्हती म्हणाली. सांगितलं कोण म्हणते आमच्या गावात? ती म्हणाली होती, पाटीनं सांगतलं. मी उत्तरपत्रिकेच्या मागं तसंच लिहून पाठवलं होतं. तुमच्या टेबलावर कोणीतरी शुद्ध केलं.

कोणीतरी कोण, ताई, मीच. पुरवणी माझ्याकडं होती, लाल पेन माझ्याकडं होता. पुरवणीवर मी तेव्हा नवी होती, मला शुद्ध लिहायचा मोठा सोस, मी स्वतः घरी सांगतलं म्हणायची आणि पेपरात कोणाचं तसं आलं की खोडायची. आणि तो माणूस, ज्याला मी गफलत म्हटलं, त्याला बायकोचा एक शब्द इतक्या वर्षांनी काना-मात्रेसकट आठवत होता, छापलेल्या पेपरापेक्षा पक्का. मी फोनवर हसली की रडली मला सांगता नाही येत. म्हटलं गुरुजी, तुम्ही फोन चालू ठेवा, ठेवू नका. लॅपटॉप उघडला, तो लेख काढला, एक वेलांटी काढून टाकली, ग मोकळा केला, आणि म्हटलं, ऐका गुरुजी, वाचते. पाटीनं सांगतलं. तिकडून ते म्हणाले, हां. बस, हां म्हणाले.

आता दर बुधवारी त्यांचा एक लेख काढून त्यांना पाठवते, आणि ते फोन करून सांगतात मी कुठं कुठं खोडलं होतं ते. चांगलं चाललं आहे माझं, मनावर काही नाही आता, झोप लागते, भूक लागते, आणखी काय पाहिजे असते माणसाला. तुम्ही पण सुखी राहा ताई, लेकराबाळांत राहा, माझं एवढं ऐकून घेतलं. फक्त एक करा, हे लिहून काढाल ना, तर मी गेली, मी आली, असंच राहू द्या. शुद्ध करू नका.